फक्कीच्या रेषेबाहेर

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला पालक भेटतात ते साधारण तीन वेळा. दाखला हवा असतो तेव्हा, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी असते तेव्हा, आणि मुलाने कुणाचे डोके फोडलेले असते तेव्हा. एरवी पालक हा हजेरीपटातल्या एका रकान्यात राहतो. पालकसभेचे निमंत्रण मुलांच्या वहीत लिहून पाठवले, जुम्म्याच्या नमाजनंतर जाहीर करायला लावले, तरी साठ मुलांच्या वर्गामागे सात-आठ माणसे जमतात. त्यातली तीन तर दारात उभी राहूनच म्हणतात, "आपा, जल्दी बोलो, गाड़ी खड़ी है."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती फक्त सल्ला देणारी ठरली. मी पाहिलेल्या समित्या सल्लाही देत नाहीत, सही देतात. कायद्याची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात चांगलेच होते. पण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. वर्गातल्या बाकावर बसलेला बाप आरोपीसारखा बसतो. समोर टेबल, टेबलामागे आम्ही, आमच्या हातात गुणपत्रक. त्याने स्वतः पाचवीत शाळा सोडलेली असते आणि ती का सोडली हे त्याला त्याच खोलीत पुन्हा आठवते. शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. अशा ठिकाणी कोण हौसेने येईल?

म्हणून हीच माणसे रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर दिसू लागली, तेव्हा मला नवल वाटले.

भडगावात हॉकी म्हटले की लोक आधी हसतात. इथे गिरणेच्या पात्रात क्रिकेट आणि शाळेच्या आवारात कबड्डी, खो-खो. हॉकी हा शब्द आमच्या मोहल्ल्यात अनेकांना मारामारीतले हत्यार म्हणूनच माहीत होता. आमच्या क्रीडाशिक्षकांचे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. तिथे त्यांच्या हाताला स्टिक लागली आणि ती सुटली नाही. इथे आल्यावर त्यांनी इकडून तिकडून मागून चौदा स्टिका जमवल्या. स्टिका चौदा आणि मुले छत्तीस. पाचवी ते आठवीची. त्यात अकरा मुली. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत शिक्षिका हवी, म्हणून माझे नाव लागले. मला हॉकीतले तोवर ‘चक दे इंडिया’ एवढेच ठाऊक होते, आणि तो सिनेमा २००७ सालचा.

मैदान म्हणजे मुरमाचे पटांगण. एका टोकाला काळी माती वर आली आहे. पावसात ती चपलेला भाकरीएवढी चिकटते आणि वाळली की तिला चिरा पडतात, मग चेंडू त्यात अडकतो. हॉकीचे पुरे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. आमचे त्याच्या निम्मेही नाही, म्हणून अकराऐवजी सात-सात जण खेळतात. १९७६ मध्ये माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपला देश सातव्या नंबरवर गेला, हे सर मुलांना दर वर्षी सांगतात. मुलांचा प्रश्नही दर वर्षी तोच असतो : "सर, उस पे गिरे तो लगता क्या?"

पालकांमध्ये पहिला आला तो गादीवाला. पिंजारी समाजातला माणूस. बाप-आजा कापूस पिंजत आले, हा गाद्या-उशा भरतो. त्याची मुलगी सहावीत होती आणि गोलात उभी राहायची, कारण तिला पळायचा कंटाळा होता. गोलरक्षकाचे पॅड आमच्याकडे नव्हते. तिच्या पायांना गोणपाट गुंडाळून वर सुतळी बांधली जायची. बाप एकदा सहज तिथून सायकल घेऊन चालला होता, तो थांबला. मुलीच्या पायाकडे बराच वेळ पाहत राहिला. माझ्याशी किंवा सरांशी एक शब्द बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याने कापूस ठासून भरलेले, वरून रेक्झिन शिवलेले, मागे चामडी पट्टे लावलेले दोन पॅड आणून ठेवले. त्यांवर उलट्या स्टिकेने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "अब मारो."

त्याच्यामागून इतर आले. गोलाचे खांब म्हणून आम्ही दोन दगड ठेवत होतो. वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बापाने सरांना माप विचारले. बारा फूट रुंद, सात फूट उंच. त्याने ग्रिलच्या कामातून उरलेल्या पाइपांचे दोन गोल करून दिले. एका सुताराने खालची दीड फूट उंचीची फळी बसवली. चेंडू त्या फळीवर आदळला की जो आवाज होतो, त्याला मुले वेडी झाली. घरी शिवणकाम करणाऱ्या दोन बायांनी निळ्या आणि पिवळ्या बंड्या शिवल्या. केळीच्या ट्रकवर हमाली करणारा एक जण दर आठवड्याला घडातून निघालेली केळी गोणीत घालून आणतो. ती थोडी काळी पडलेली असतात, पण मुले गोणीवर तुटून पडतात.

यातल्या एकालाही आम्ही बोलावले नव्हते. शाळेत त्यांना द्यायला काही नव्हते, फक्त ऐकून घ्यायचे होते. इथे त्यांच्या हाताला येणारे काम आम्हाला येत नव्हते. गादीवाल्यापुढे मी आणि माझी बी.एड.ची पदवी पॅडचा पट्टा डावीकडून घ्यायचा की उजवीकडून, हे विचारत उभे होतो. मला वाटते, त्या दिवसापासून तो माझ्याशी मान वर करून बोलू लागला.

आपल्याकडे खेळाडूच्या गोष्टी सांगताना पालकांचा उल्लेख एका ओळीत उरकतात. धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीचा. बाप तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारा, घरात मुलांची रांग आणि मोडलेल्या स्टिका सुतळीने बांधून खेळणारी ती भावंडे. खेळू द्या म्हणणारी त्यांची आई होती. हा धनराज पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. हरियाणातल्या शाहाबादची रानी रामपाल हातगाडी ओढणाऱ्याची मुलगी. घरात घड्याळ नव्हते, म्हणून तिची आई पहाटे आकाशाकडे पाहून वेळेचा अंदाज घ्यायची आणि मुलीला सरावाला उठवायची, असे तिने सांगितले आहे. २०२१ मध्ये टोकियोला आपल्या मुली चौथ्या आल्या तेव्हा तीच कर्णधार होती. मी या दोन आयांच्या गोष्टी आमच्या बायांना सांगितल्या. त्यांना धनराज किंवा रानीपेक्षा त्या आयांमध्येच जास्त रस होता. एकीने विचारले, "और उसके ससुरालवाले कुछ नहीं बोले?" मला उत्तर माहीत नव्हते.

बाया मैदानावर लगेच आल्या नाहीत. सुरुवातीला बाप आणि चुलते कडुनिंबाखाली उभे असायचे. बाया लांब, शाळेच्या भिंतीला टेकून. बुरख्याचा पडदा वर करून पाहायच्या आणि कुणी पाहिले की खाली सोडायच्या. मध्ये फक्कीची रेघ आणि मुले. हळूहळू पाण्याच्या पिंपाने ही रचना बदलली. पिंप निंबाखाली ठेवायचे होते, कारण सावली तिथेच. मुलांना पाणी पाजायला बाया तिकडे आल्या, आणि मग परत भिंतीकडे जायचे त्यांनी सोडून दिले. पुरुष थोडे सरकले. कुणी ठराव केला नाही की फतवा विचारला नाही.

शेजारच्या मराठी शाळेचा संघही त्याच मैदानावर येतो. त्यांचे क्रीडाशिक्षक आणि आमचे सर मित्र, त्यामुळे अर्ध्या स्टिका इकडच्या, अर्ध्या तिकडच्या. सामना असला की एकाच स्टिकेने आधी त्यांचा मुलगा खेळतो आणि तो बाहेर आला की आमचा. स्टिका बहुतेक जालंधरच्या. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा वाढवला, हे सरांनी मुलांना सांगितले तेव्हा एका मुलाने स्टिक उलटीपालटी करून पाहिली, जणू त्यावर कुठे तसे लिहिलेले असेल. तर सांगत होते ते हे की, स्टिकेची अदलाबदल रेघेवर होते आणि ती करायची म्हणजे दोन्हीकडच्या पालकांना एकमेकांशी बोलावे लागते. "भाभी, तुमचा पोऱ्या निघाला का? द्या मग इकडे." अंगणवाडीत काम करणारी एक ताई आणि आमच्या मण्यारांची एक सून यांची ओळख अशीच एका स्टिकेवरून झाली. आता त्यांच्यात कळण्याची भाकरी आणि शीरखुर्मा यांची देवाणघेवाण आहे. त्या एकमेकींच्या घरात कधी गेल्या असतील असे मला वाटत नाही. मैदानापुरतेच आहे, पण पक्के आहे.

भाषेचीही गंमत आहे. आमची मुले उर्दूत शिकतात, घरी आपली खानदेशी दखनी बोलतात. तिकडची मराठीत शिकतात, घरी अहिराणी बोलतात. मैदानावर ‘पास’, ‘डी’, ‘कॉर्नर’ एवढे शब्द पुरतात, आणि कडेचे सगळे पालक, मुसलमान काय आणि मराठे, भिल्ल काय, ओरडतात ते अहिराणीतच. "मार, पोऱ्या, मार!" आमचा केळीवाला तर घरातही कधी इतकी अहिराणी बोलत नसेल.

एका आईचे नेहमी हसू येते. तिचा मुलगा डावखुरा. डाव्या हाताने खातो म्हणून घरात रोज बोलणी खायचा. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, नियमात ती चालतच नाही. हे कळल्यावर ती मला मोठ्या समाधानाने म्हणाली, "देखो आपा, इसमें भी सीधे हाथ काच चलता." सर बाजूलाच होते. त्यांनी शांतपणे सांगितले की स्टिक धरताना डावा हात वर असतो आणि चेंडूवर ताबा ठेवायचे मुख्य काम तोच करतो. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगा मात्र त्या दिवसापासून फार तोऱ्यात आहे.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. मुले चुकली की बाप शिव्या देतात, आणि त्या ऐकवत नाहीत. हरल्यावर एकाने मुलाच्या कानाखाली ओढली, दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा वेल्डिंगवाल्याने तो वरच धरला. म्हणाला, "घर जा के मारना है तो मार, यहाँ नहीं." आता घरी मारायला हरकत नाही हे मला मुळीच मान्य नाही. पण मी बोलले असते तर तो शिक्षिकेचा उपदेश ठरला असता, तो हात तसाच खाली आला नसता. पंचाच्या निर्णयावरून होणारी भांडणे तर नित्याचीच. चेंडू पायाला लागला की नाही, हे दोन्हीकडच्या आज्यांनाही अगदी स्पष्ट दिसलेले असते, आणि दोघींना वेगवेगळे.

एका ऑक्टोबरात मराठी शाळेशी सामना चालू असताना चेंडू उसळून आमच्या सातवीतल्या मुलाच्या तोंडावर बसला. हॉकीचा चेंडू दीडशे ग्रॅमहून जड आणि दगडासारखा. रक्त आले आणि पुढचा एक दात मुळासकट बाहेर पडला. मुलाची आई कापूस वेचायला गेलेली, बाप ट्रकवर. सर मुलाला धरून बसले होते. त्या अंगणवाडीच्या ताईने मातीतून दात शोधला, मुळाला हात न लावता वरून धरून उचलला आणि ओरडली, "दूध आणा, कच्चं दूध!" आमच्यापैकी कुणाला काही समजेना. चहाच्या टपरीवरून पेल्यात दूध आले, दात त्यात टाकला. पडलेला दात दुधात ठेवला आणि लवकर डॉक्टरकडे नेला तर पुन्हा बसवता येतो, हे तिला एका प्रशिक्षणात शिकवले होते. मला बी.एड.ला हे कुणी शिकवले नव्हते. मग ज्याच्या मुलाच्या स्टिकेवरून चेंडू उडाला होता त्याच्या बापाने मोटारसायकल काढली. तो एस.टी.त वाहक आहे. मुलगा मध्ये, मागे मी हातात दुधाचा पेला घेऊन. खड्डा आला की तो म्हणे, "मॅडम, सांडू देऊ नका." दात बसला. थोडा वाकडा आहे, पण आहे. मुलाची आई शेतातून दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. तोवर हा गृहस्थ त्या दिवसाची ड्यूटी बदलून बाकावर बसून होता. ती आल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, माझ्या पोऱ्याकडून लागलं." ती काही बोलली नाही. पदराला बांधलेले वेचणीचे पैसे सोडून तिने डॉक्टरांचे किती झाले ते विचारले. ते त्याने आधीच दिले होते. यावरून पुढे महिनाभर त्या दोन घरांत पैसे परत करण्या-न करण्याचा वाद चालला. शेवटी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला हिने गादीवाल्याकडून एक छोटी गादी करून पाठवली, तेव्हा तो मिटला.

आणि एकदा दुसरेही घडले. एका गावी आम्ही मैत्रीचा सामना खेळायला गेलो होतो. आमच्या बंडीवर शाळेचे नाव उर्दूत होते, शिवणाऱ्या बायांनी हौसेने काढलेले. आमचा संघ मैदानात उतरला तसा कडेला उभ्या असलेल्या एका तरुणाने हाक दिली, "चला, पाकिस्तानची टीम आली!" दोन-तीन पोरे हसली. आमच्या मुलांनी ऐकले. अकरा-बारा वर्षांची मुले. काही क्षण कुणी हललेच नाही. आमचे पालक एकमेकांकडे पाहू लागले. अशा वेळी आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे येते ते मला चांगले ओळखीचे आहे. रागही असतो, पण त्याच्या आधी हिशेब असतो. किती माणसे आहोत, बाया किती, परतीची गाडी कितीची.

आमच्याबरोबर एका मुलाचे आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. ते त्या तरुणापाशी गेले आणि आवाज न चढवता त्याला १९७५ सांगू लागले. क्वालालंपूरचा विश्वचषक. उपांत्य सामन्यात मलेशिया एका गोलने पुढे, शेवटची काही मिनिटे उरलेली, भोपाळच्या असलम शेर खानला बदली म्हणून आत धाडले. त्याने गळ्यातल्या ताईताचे चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. जादा वेळेत भारत जिंकला. मग अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवले. आजोबांनी ते चौकातल्या रेडिओवर ऐकले होते आणि त्यांना अजून सगळे पाठ होते. त्यांनी जफर इक्बाल सांगितला, मोहम्मद शाहिद सांगितला, दोघांचे १९८० चे मॉस्कोचे सुवर्णपदक सांगितले. तरुण ऐकत होता की नाही कोण जाणे, तो मोबाइलकडे पाहत होता.

मला आजोबांचा अभिमान वाटला, आणि वाईटही वाटले. ही यादी मलाही येते. आपल्या सगळ्यांनाच येते. सभेत, संमेलनात, शाळेच्या १५ ऑगस्टला आपण ती म्हणतो. पण सातवीतल्या मुलाने चेंडूला स्टिक लावण्याआधी त्याच्या आजोबांना ती म्हणून दाखवावी लागावी, हे मला पटत नाही. समोरच्या संघातल्या मुलांच्या आजोबांना कुणाचीही नावे पाठ नव्हती, आणि त्यांना कुणी विचारलीही नाहीत. त्या तरुणाला गप्प केले ते आजोबांच्या यादीने नव्हे. यजमान गावच्या पालकांतली एक आजीबाई, डोक्यावर पदर, हातात नातवाचे बूट, त्याच्यावर खेकसली, "गप बस रे भो, लहान पोरे शेतस!" तिला असलम शेर खान माहीत नव्हता. तिला समोर लहान मुले दिसत होती. तरुण निघून गेला. आम्ही ३-१ ने हरलो. परतताना गाडीत मुलांनी त्या हाकेविषयी एक शब्द काढला नाही. सगळी चर्चा तिसऱ्या गोलावर, तो ‘डी’च्या बाहेरून मारला होता की आतून.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच्या वर्षापासून प्रवास फुकट आहे. या दोन गोष्टींनी आमच्या मैदानाचे जेवढे भले केले तेवढे क्रीडा खात्याच्या कुठल्याही परिपत्रकाने केले नसेल. जिल्ह्याच्या सामन्यांना जळगावला जायचे, तर पूर्वी मी, सर आणि मुले. आता त्या सालापासून आया येतात, आणि आज्या तर तिकीटच लागत नाही म्हणून येतात. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात बऱ्याच ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. त्याच सुमारास आमचा सराव होता. कुणी कोणत्या दिवशी मोकळे आहे हे सरांनी ठरवण्याऐवजी निंबाखाली बायांनीच ठरवले आणि आम्हाला कळवले.

आता त्या गोलरक्षक मुलीविषयी. ती आठवीत गेली. तिच्या मोठ्या चुलत्याने घरात सांगितले, आता बस. मुलगी मोठी झाली, चारचौघांत धावणे-पडणे शोभत नाही. गादीवाला भावापुढे बोलणारा माणूस नाही. तो मैदानावर आला तो एकटाच, आणि निंबाखाली उकिडवा बसला. मी त्यांच्या घरी गेले नाही. शिक्षिका घरी आली की ती शाळेची बाब होते, आणि मग घर अधिकच ताठ होते. बोलणी निंबाखाली झाली. वेल्डिंगवाला म्हणाला, भाईजानला एकदा इथे घेऊन या. केळीवाला म्हणाला, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना राखीव जागा असतात, हे सांगा. बायांमध्ये एकमत नव्हते, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. निम्म्या जणींना चुलत्याचे म्हणणे बरोबर वाटत होते. त्यातल्या दोघींच्या मुली त्याच संघात होत्या. एकीने उघड सांगितले, "आपा, तुमको क्या, तुम शाम को घर चले जाते. लड़की का रिश्ता हमको ढूँढना है." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर आजही नाही.

तोड काढली ती एका दादीने, तिकीट न लागणाऱ्यांपैकी. चुलता शेवटी मैदानावर आला होता, हाताची घडी घालून लांब उभा. मुलगी गोलात उभी होती. पायांना बापाचे पॅड, छातीवर गार्ड, हातमोजे, पूर्ण पायजमा, डोक्यावर स्कार्फ आणि वर जाळीचे हेल्मेट. मुलीची फक्त सावली ओळखू यावी एवढेच शिल्लक होते. दादी त्याला म्हणाली, "बेटा, इससे ज्यादा परदा तेरे घर में किसका है?" सगळे हसले, तोही हसला. तो हसला म्हणून एक मोसम मिळाला.

२०२४ चा तो मोसम ती खेळली. जळगावला पहिल्याच सामन्यात आम्ही पाच गोलांनी हरलो. तिने अडवलेल्या चेंडूंची मोजदाद गादीवाला बोटांवर करत होता, दोन्ही हातांची बोटे संपली तशी त्याने शेजारच्या वाहकाची बोटे घेतली. चुलता आला नव्हता. पण त्याने मुलींसाठी बिस्किटांचे दोन पुडे पाठवले होते.

२०२५ ला ती खेळायला आली नाही. नववी, घरकाम, धाकटी भावंडे आणि चुलत्याचा शब्द एका मोसमापुरताच होता. शाळेत मात्र रोज येते, मागच्या बाकावर बसते, आणि मैदानाविषयी मी काही विचारले तर दुसरेच बोलते. पॅड आता सहावीतल्या एका मुलीला दिले आहेत. तिच्या पायाला ते मोठे होतात, म्हणून गादीवाल्याने पट्ट्यांना नवी भोके पाडून दिली.

तिची आई अजून येते. घरातले कुणीच खेळत नाही, तरी येते. रविवारी साडेसहाला पिंप विसळते, भरते, त्यावर जाळी बांधते, पेला साखळीला अडकवते. मग निंबाखाली आपल्या नेहमीच्या दगडावर बसते. नव्या मुलीचा पट्टा सुटला की ती उठते, फक्कीची रेघ ओलांडून आत जाते आणि बांधून देते. सर शिट्टी थांबवून वाट पाहतात.